बोर्डावर ६५ टक्के आणि आत नुसता सांगाडा : कॅम्पसच्या कामांवर तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी सहज लिहून गेलो की चालू कॅम्पसवर नवं बांधकाम काढणं म्हणजे खाली पंगत बसलेली असताना वर चढून कौलं शेकारण्यासारखं आहे, ताटात माती पडणारच, प्रश्न एवढाच की कुणाच्या ताटात आणि किती. त्यावर बरेच प्रश्न आले. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून. कुणाचं विद्यापीठ, कुणाचं कॉलेज, कुणाचं होस्टेल. नावं मी मुद्दाम काढून टाकलीत कारण मला कुणाची बाजू घ्यायची नाही आणि कुणाला झोडायचंही नाही, काम कसं चालतं तेवढं सांगायचंय.

हे प्रश्न आत्ताच का यायला लागले त्याचंही कारण आहे. आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (उमवि) १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, तेव्हा नंदुरबार जिल्हा सुद्धा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून निघाला. म्हणजे नव्वदच्या दशकात खान्देशात जी शैक्षणिक बांधकामं झाली ती आता तिशी ओलांडून बसलीत. आणि जळगावचं मू. जे., अमळनेरचं प्रताप ही कॉलेजं तर १९४५ ची. एकूणच आपल्याकडच्या कॅम्पसचं वय झालंय. दुरुस्त्या, पाडापाडी, नवे ब्लॉक हे आता पुढची दहा-पंधरा वर्षं चालूच राहणार, सवय करून घ्या.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या कॅम्पसवर बोर्ड लागलाय, ‘काम ६५ टक्के पूर्ण’. मी आत जाऊन बघितलं तर कॉलम-बीमचा सांगाडा उभा आहे, खिडकी नाही, फरशी नाही, वायर नाही. मग ६५ टक्के कशाचे? (एक पालक, एरंडोल)

पैशाचे. बहुतेक वेळा पैशाचेच. ठेकेदाराला काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं जे रनिंग बिल मिळतं ते एम.बी. म्हणजे मोजमाप वहीत लिहिलेल्या कामावर मिळतं, आणि सळई, सिमेंट, खोदकाम ही महागडी आयटमं सगळी सुरुवातीलाच येतात. त्यामुळे खर्चाचा टक्का भराभर वर चढतो आणि डोळ्याला दिसणारं काम मागे राहतं. कधीकधी उलटंही होतं, काम झालेलं असतं पण बिल अडकलेलं असतं म्हणून कागदावर टक्के कमी दिसतात. म्हणून सरकारी रिपोर्टमध्ये आर्थिक प्रगती आणि भौतिक प्रगती असे दोन वेगळे रकाने असतात. बोर्ड रंगवणाऱ्याला त्यातला जो आकडा मोठा दिसतो तो तो रंगवतो.

आणि सांगाडा उभा राहिला म्हणजे मोठा टप्पा झाला असं आपल्याला वाटतं ते फसवं आहे. वीट, गिलावा, प्लंबिंग, वायरिंग, लिफ्ट, फायरची पाईपलाईन, ट्रान्सफॉर्मर, गटार, रस्ते, यात जो वेळ जातो तो सांगाड्याइतकाच किंवा जास्त. शिवाय या कामांना एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळ्या टोळ्या लागतात आणि एक अडकली की मागच्या सगळ्या चहाच्या टपरीवर. मी तर म्हणतो टक्के विचारूच नका. विचारायचं असेल तर क्रम विचारा, आधी कोणती इमारत चालू होणार, त्यात कोण जाणार, त्यांची जुनी जागा रिकामी झाल्यावर तिथे काय होणार. याचं उत्तर ज्याच्याकडे लगेच तयार आहे त्याचं काम चालू आहे असं समजा, बाकीच्यांचा बोर्ड चालू आहे.

प्रश्न : आमचं होस्टेल जुनं झालंय म्हणून पाडणार म्हणतात. पाच मजली नवीन होणार आहे म्हणे. पण बांधेपर्यंत आम्ही राहायचं कुठं? रूमचं भाडं परवडत नाही, घर धडगावकडं आहे. (विद्यार्थी, नंदुरबार जिल्हा)

हाच खरा प्रश्न आहे, आणि प्लॅनच्या रंगीत चित्रात नेमका हाच दिसत नाही.

मुंबई-पुण्यात सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालं की आधी ट्रान्झिटचं विचारतात, भाडं कोण देणार, किती महिने, लेखी द्या, मग घर खाली करू. कॅम्पसवर हे कुणी विचारत नाही कारण पोरं तीन वर्षात बदलतात, भांडायला तीच पोरं राहत नाहीत. शहाणा प्लॅनर काय करतो तर आधी एक मोकळी जागा शोधतो, तिथे पहिला ब्लॉक बांधतो, मग जुन्या होस्टेलची पोरं तिकडे हलवतो आणि मगच जुनं पाडतो. पाडलेल्या जागेवर दुसरा ब्लॉक, तिकडे तिसऱ्याची पोरं. याला वेळ जास्त लागतो, ठेकेदाराला आवडत नाही कारण त्याला सगळं एकदम पाडून सगळं एकदम उभं करायला सोपं जातं, एकच क्रेन, कॉंक्रीटचा एकच प्लॅन्ट. पण माणसं रस्त्यावर येत नाहीत. उमविसारखी साडेसहाशे एकर जागा असेल तर मोकळी जागा शोधणं अवघड नाही, शहरातल्या अडीच एकराच्या कॉलेजला मात्र खरंच अडचण असते.

आता तुमच्यापुरतं बोलू. एक, होस्टेल खाली करायची नोटीस आली तर त्यात पर्यायी व्यवस्था काय ते लिहिलंय का बघा, नसेल तर सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज कुलसचिव किंवा प्राचार्यांकडे द्या आणि पोच घ्या. पोच घ्याच, तोंडी ‘बघू’ला काही किंमत नसते. दोन, तुम्ही अनुसूचित जमातीचे असाल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, सरकारी होस्टेलला जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यात येतात, अर्ज आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे, तुमच्याकडे ते तळोद्याला आणि नंदुरबारला आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी तशीच स्वाधार योजना समाजकल्याणकडे आहे. दोन्हीला हजेरी, टक्केवारी, उत्पन्न अशा अटी आहेत, पैसे उशिरा येतात हेही खरंय. त्यामुळे होस्टेल पडायच्या आधी अर्ज करा, पडल्यावर नाही.

आणि एक, पाच मजली होणार असेल तर मेसचं काय ते पण विचारा. मी अशी होस्टेलं बघितलीत की रूम झाल्या चकाचक आणि स्वयंपाकघराचं टेंडरच वेगळं, ते निघायलाच वर्ष. पोरं बाहेर वडापाव खाऊन परीक्षा देत होती.

प्रश्न : सर, जुनी इमारत बाहेरून एकदम ठणठणीत दिसते. आमच्या वेळच्या भिंती, खिळा ठोकला तर खिळा वाकतो. मग पाडायची काय गरज? यात काहीतरी खाण्याचा डाव वाटतो. (माजी विद्यार्थी, अमळनेर)

डाव असू शकतो, नाही असं नाही म्हणत. पण खिळा वाकतो म्हणून इमारत चांगली हे गणित बरोबर नाही. भिंत कडक असते पण भार भिंत घेतेय की कॉलम घेतोय ते बघावं लागतं.

तुम्ही अमळनेरचे म्हणून दोन प्रकार सांगतो. पहिला प्रकार खूप जुन्या, दगड-विटा-चुन्याच्या इमारती, तुमच्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर १९१६ मध्ये सुरू झालं, त्या जमान्यात बांधकाम चुन्यातच व्हायचं. अशा इमारतीत सळईच नसते तर गंजणार काय? त्या शंभर वर्षं काढतात, अजून काढतील. त्यांना मारतो तो आपला सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल आत येते तशी बाहेर जाते, आपण वरून सिमेंट फासलं की ओल आत अडकते आणि पाच-सात वर्षात विटेचा भुगा होतो. अशी इमारत पाडायची म्हणणाऱ्याला दहा वेळा प्रश्न विचारा.

दुसरा प्रकार म्हणजे १९७० ते ९५ मधल्या आरसीसीच्या इमारती, आणि खरी काळजी त्यांचीच आहे. एक तर त्या काळात कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई कडेपासून आत ठेवणारे ठोकळे, वगैरे कुणी बघत नव्हतं, सळई पार कडेला येऊन बसलेली असते, पाणी लागलं की गंजते, गंजली की फुगते, फुगली की कॉंक्रीटचा पोपडा खाली. दुसरं म्हणजे भूकंप. आपल्याला वाटतं भूकंप म्हणजे किल्लारी, पण तापीचा पट्टा भूकंपाच्या नकाशात झोन तीनमध्ये येतो. कॉलम-बीमच्या जोडापाशी रिंगा जवळजवळ बांधायच्या वगैरे जे नियम आहेत तो आयएस १३९२० हा भारतीय मानक कोडच मुळात १९९३ चा, किल्लारीचं वर्ष. त्याआधीच्या इमारतीत सहा एमएमच्या रिंगा नऊ-नऊ इंचावर, त्याही हुक न वाकवता. बाहेरून हे काही दिसत नाही.

म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं ऑडिट महापालिका हद्दीत कायद्यानंच बंधनकारक आहे. त्यात नुसतं फिरून फोटो काढले असतील तर ते ऑडिट नाही, ती सहल आहे. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, गंज किती तो हाफ सेलनं, आणि महत्त्वाचं म्हणजे कोअर, कॉंक्रीटचा गाभा कापून काढून लॅबला दाबून बघणं, हे सगळं रिपोर्टमध्ये आकड्यात पाहिजे. रिपोर्ट मागा. ‘पाडावी’ हा शब्द शेवटच्या पानावर असतो, त्याच्या आधीची पानं वाचा.

दुरुस्त करायची का पाडायची हा वाद मोठमोठ्यांना सुटलेला नाही हेही लक्षात घ्या. अहमदाबादच्या आयआयएमचं उदाहरण माझ्या आवडीचं आहे. लुई कान या आर्किटेक्टनं केलेल्या १८ डॉर्म, त्यातल्या १४ पाडायचं संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये काढलं, जगभरातून बोंब झाली, जानेवारी २०२१ ला माघार घेतली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये परत जाहीर केलं की जुनं टिकवणं जमत नाही, नवं बांधणार. आणि त्याच कॅम्पसवर त्याच माणसाची लायब्ररी मात्र नीट दुरुस्त केली, तिला २०१९ मध्ये युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. एकच कॅम्पस, एकच आर्किटेक्ट, एक इमारत वाचली, बाकीच्यांवर वाद. म्हणून ‘जुनं ते सोनं’ पण नको आणि ‘जुनं म्हणजे पाडा’ पण नको, प्रत्येक इमारतीचं वेगळं बघावं लागतं.

प्रश्न : सहा महिने झाले, कॅम्पसवर नुसता खड्डा आहे. पाऊस पडला तर तळं झालं. काम बंद पडलंय का? (वाचक, चोपडा)

खड्ड्यात माणसं आणि पंप दिसत असतील तर बंद नाही. तापीकाठची काळी माती केळीला सोन्यासारखी, इमारतीला मात्र वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरती बांधलेलं सगळं ती वर-खाली करते. म्हणून ती काढून खाली मुरूम किंवा कठीण लागेपर्यंत जावं लागतं, नाहीतर अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे खाली कांद्यासारखा फुगा असलेला खांब, रुडकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं, अशाच मातीसाठी ही पद्धत बसवली. जमिनीखालचं काम संथ दिसतं पण तेच बरोबर झालं पाहिजे. खड्ड्यात पाणी साचून महिना झाला आणि कुणी उपसत नाही, असं असेल तर मात्र काळजी करा, भिजलेल्या मातीवर पायाचं फुटिंग टाकायला नको.

प्रश्न : भर मे महिन्यात, दुपारी, स्लॅब टाकताना बघितला. ४५ डिग्री तापमान. हे चालतं का? दुसऱ्या दिवशी वर कुणी पाणी मारायलाही नव्हतं. (निवृत्त शिक्षक, धुळे)

नाही चालत. म्हणजे उन्हाळ्यात स्लॅब टाकता येतो, पण दुपारी नाही आणि पाण्याशिवाय तर नाहीच.

हवा ४० च्या वर गेली की कोडमध्ये त्याला हॉट वेदर कॉंक्रीटिंग म्हणतात आणि त्याचे नियम वेगळे. खडीवर आदल्या दिवसापासून पाणी मारून ती सावलीत गार ठेवायची, पाणी टाकीत तापू द्यायचं नाही, जमलं तर बर्फ टाकायचा, आणि काम संध्याकाळी सुरू करून रात्री संपवायचं. भुसावळ-जळगावकडचे जुने मिस्तरी हे कोड न वाचता करायचे, हॅलोजन लावून रात्री स्लॅब, पहाटे पोहे आणि मग घरी.

मी तरुण असताना एका साईटवर हीच चूक केलीय. कॉंक्रीटचा पंप उशिरा आला, मुकादम म्हणाला साहेब आता थांबलो तर लेबर निघून जाईल, मी म्हणालो चला. दुपारी बाराला सुरू केलं. चार वाजता स्लॅबवर मांजरानं ओरबाडल्यासारख्या भेगा, लांबच्या लांब. वरचं पाणी इतक्या झपाट्यानं उडालं की कॉंक्रीट आकसलं. ते भरून काढायला जो खर्च झाला त्यात लेबरला दोन दिवस बसून पगार देता आला असता.

आता पाण्याचं. क्युरिंग साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि आपल्याकडे आता बहुतेक राखमिश्रित पीपीसी वापरतात त्याला दहा, आणि कोरडी गरम हवा असेल तर कॉंक्रीटचा कोड आयएस ४५६ म्हणतो चौदा. म्हणजे खान्देशात उन्हाळ्यात पीपीसी असेल तर चौदा दिवस, विषय संपला. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी भरून ठेवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. सकाळी एकदा पाईप फिरवला आणि दुपारी ठणठणाट, याला क्युरिंग नाही म्हणत. एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी पैसे देऊन आणावं लागतं म्हणून पहिली काटकसर इथेच होते, आणि ही काटकसर नंतर कुणालाच दिसत नाही.

टेकूही बघत जा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा, सहा मीटरच्या वरच्या बीमचे एकवीस. वरच्या मजल्याचा स्लॅब पडतोय आणि खालचे टेकू काढलेत असं दिसलं तर बेधडक विचारा, तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला कुणी हाकलणार नाही. आणि क्यूब. दर स्लॅबला सहा इंची ठोकळे भरून ठेवतात, २८ दिवसांनी लॅबला फोडतात. शंभर घनमीटर कॉंक्रीट असेल तर कमीत कमी पाच सॅम्पल, प्रत्येकात तीन म्हणजे पंधरा ठोकळे. त्यांचं रजिस्टर साईट ऑफिसात असतं. ते रजिस्टर नीट असलं की मी बाकी फार बघत नाही. आणि सगळ्या ठोकळ्यांचा आकडा जवळपास सारखाच आला असेल तर मी जास्तच बघतो, कारण खऱ्या कॉंक्रीटचे आकडे थोडे खाली-वर होतातच.

प्रश्न : आमच्या दीपनगरच्या राखेच्या विटा नवीन बिल्डिंगला लावतायत. लाल विटांपेक्षा हलक्या दर्जाच्या ना? (वाचक, भुसावळ)

नाही हो. चांगल्या प्लॅन्टमधल्या असतील तर आकार एकसारखा, गिलावा कमी लागतो. शिवाय औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामात राख वापरायची असा केंद्राचा नियमच आहे, आणि दीपनगरच्या ३०० किलोमीटरमध्ये अख्खा खान्देश येतो. फक्त वीट पूर्ण पिकलेली पाहिजे, म्हणजे नीट पाणी मिळून मुरलेली. कोपरा नखानं खरवडून बघा, भुगा पडला तर गाडी परत.

प्रश्न : कॅम्पसवर तीस वर्षांत वाढलेली झाडं आहेत, आम्हीच एनएसएसमध्ये लावलेली. प्लॅनमध्ये त्या जागी पार्किंग दाखवलंय. काही करता येईल का? (माजी स्वयंसेवक, जळगाव)

येईल, पण लवकर. टेंडर निघाल्यावर प्लॅन हलत नाही, हलवला की ठेकेदार एक्स्ट्रा आयटम लावतो. प्लॅन कागदावर असतानाच सांगावं लागतं की बाबांनो पार्किंग वीस मीटर सरकवा.

बांभोरीच्या टेकड्यांवर, आज जिथे उमवि आहे तिथे, आधी काय होतं ते आमच्या पिढीनं बघितलंय, उघडा मुरूम आणि गवताची काडी. तिथे पाणी अडवून झाडं जगवली गेली. आपल्याकडच्या उन्हाला तीस वर्षं तोंड दिलेलं लिंबाचं झाड पाडून त्याबदल्यात पाच रोपं लावू म्हणणं हा हिशोब मला तरी पटत नाही, त्या पाचातलं एक जगलं तरी तुमचा नातू सावलीला बसेल.

कायद्याचं म्हणाल तर शहरी हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि ५० वर्षांच्या वरचं झाड आता हेरिटेज धरतात. दुसरं थोडं मोठं आहे. २०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, पण शिक्षणसंस्थांना २०१४ पासून त्यातून सूट होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सूट काढून टाकली. त्यामुळे कॉलेज आहे म्हणून काही लागत नाही, हे उत्तर आता कुणी दिलं तर ऐकून घेऊ नका, क्षेत्रफळ विचारा.

प्रश्न : मी व्हीलचेअरवर आहे. नवीन बिल्डिंगला रॅम्प केलाय पण तो इतका चढ आहे की दोन जण ढकलायला लागतात. (विद्यार्थिनी, पाचोरा)

ताई, एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हा साधा हिशोब आहे. जोतं तीन फूट असेल तर रॅम्प छत्तीस फूट पाहिजे, मध्ये थांबायला सपाट जागा वेगळी. तुमच्याकडे बहुतेक पंधरा-वीस फुटात उरकलंय, तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. टेप घेऊन कुणाकडून तरी मोजून घ्या आणि आकडे टाकून लेखी द्या. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात सुगम इमारत ही मेहरबानी नाही. आणि काम अजून दोष दायित्व कालावधीत असेल तर ठेकेदारालाच त्याच्या खर्चानं नीट करायला लावता येतं, निदान मागणी तरी त्या मुदतीत गेली पाहिजे.

प्रश्न : माझे मालक कॅम्पसच्या साईटवर सेंट्रिंगला जातात. बांधकाम कामगार म्हणून काय मिळतं का? (गृहिणी, साक्री)

नोंदणी झालीय का ते आधी बघा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, एवढ्यावर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते, मग पोरांच्या शिष्यवृत्तीपासून बऱ्याच योजना आहेत. दाखला ठेकेदारानं द्यायचा असतो, नाही दिला तर ग्रामसेवक देऊ शकतो. एजंटला पैसे देऊ नका.

प्रश्न : आम्ही विचारायला गेलो तर कुणी धड बोलत नाही. माहिती मिळवायची कशी? (वाचक, पारोळा)

माहिती अधिकार. दहा रुपये, अर्ज आपल्याकडे दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा, तीस दिवसात उत्तर. लोकांची चूक अशी होते की ‘कामात भ्रष्टाचार झाला आहे काय’ असं विचारतात, त्याला उत्तर ‘नाही’ येतं किंवा येतच नाही. कागद मागा. कार्यारंभ आदेशाची तारीख आणि मुदत, मुदतवाढ दिली असेल तर तिची पत्रं, शेवटचं रनिंग बिल, क्यूब टेस्टचे रिपोर्ट, स्ट्रक्चरल ऑडिट. मुदतवाढीच्या पत्रात उशीर का झाला त्याचं कारण लिहावंच लागतं, ते वाचलं की निम्मं कळतं. विद्यापीठ असेल तर सिनेट सदस्यालाही गाठा, बजेट तिथे येतं आणि त्याला तिथे उभं राहून विचारता येतं, तुम्हाला-मला येत नाही.

प्रश्न : आबा, मन्हा पोऱ्या पुढला साल तठे शिकाले जाई, हाई काम कव्हय पुरं व्हई? (शेतकरी, शिरपूर तालुका)

दादा, खरं सांगू का, पोऱ्या पास होऊन निघेल तेव्हाही कुठेतरी एखादा कोपरा खोदलेलाच असेल.

मोठा कॅम्पस ठरल्या तारखेला क्वचितच होतो. बिहारमधलं नालंदा विद्यापीठ घ्या, ४५५ एकर, मोकळी जमीन, केंद्राचा पैसा, ऑगस्ट २०१६ ला कोनशिला बसली आणि नव्या कॅम्पसचं उद्घाटन १९ जून २०२४ ला. आठ वर्षं. तिथे तर काही पाडायचं नव्हतं, कुणाला हलवायचं नव्हतं. चालू कॅम्पसवर परीक्षा असते तेव्हा कॉंक्रीट फोडायचा ब्रेकर लावता येत नाही, ॲडमिशनच्या वेळी रस्ता खोदता येत नाही, आणि आपल्याकडचं वर्ष तर तुम्हाला माहितीच आहे. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरले की सातपुड्यातलं लेबर गावी गेलं, थांबा म्हटलं तरी थांबत नाही आणि का थांबावं. ते परत येतं तोवर ऊन चढलेलं, दुपारचं काम बंद. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मग जूनमध्ये पाऊस आणि पेरणी, पुन्हा लोक शेतात. खरी कामाची गाडी पळते ती दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, चारएक महिने. ज्यानं शेड्युल बनवताना बाराही महिने सारखे धरले त्यानं ते एसीत बसून बनवलंय.

म्हणून ॲडमिशनच्या आधी एक दिवस पोऱ्याला घेऊन स्वतः जा. एसटीनं जा, सकाळी लवकर. इमारत किती झाली ते बघू नका. ज्या विषयाला तो जाणार त्याची लॅब आज कुठे भरते, होस्टेलचं पाणी किती वाजता येतं, मेस चालू आहे का, आणि रात्री लायब्ररीपासून होस्टेलपर्यंतच्या रस्त्यावर दिवे लागतात का, एवढं तिथल्याच पोरांना विचारा. ते खरं सांगतात. आणि सोबत भाकरी बांधून न्या, कारण कॅन्टीन बहुतेक पाडलेलं असेल.